उजनीच्या हिरव्या पाण्यातले प्राणीही मोजा : पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

थंडी सरू लागली की उजनीचे पाणी शेवाळाने हिरवे दिसू लागते. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेले, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरले, की काठाला दाट, उग्र वासाचा थर येतो. बातम्या छापून येतात, पाण्याचे नमुने घेतले जातात, मग पाऊस पडतो आणि विषय मागे पडतो. मी सोलापूर जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवतो. पाण्याची प्रतवारी ज्या आकड्यांवर ठरते त्यांत न दिसणारी एक गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. हे शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचे, म्हणजे प्राणिप्लवकांचे, त्या पाण्यात काय होते?

त्यांतला एक प्राणी महाराष्ट्राच्या जुन्या ओळखीचा आहे. नारूच्या मोहिमेत गावोगावी ‘पाणी फडक्याने गाळून प्या’ असे सांगितले जाई, ते सायक्लॉप्समुळे, कारण नारूच्या अळ्या त्याच्यातून माणसाच्या पोटात जात. पाण्यातल्या एका किड्याकडे शासनाने लक्ष दिले आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आजचे संकट फडक्याने गाळून जाणारे नाही. मायक्रोसिस्टिस या नील-हरित शेवाळाच्या अनेक वाणांत मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष असते आणि पाणी उकळले तरी ते नष्ट होत नाही.

आता मूळ मुद्दा. निरोगी तलावात शेवाळ फस्त करण्याचे मोठे काम डॅफ्निया, म्हणजे जलपिसू, करते. दोन-तीन मिलिमीटरचा हा प्राणी पाणी सतत गाळत राहतो आणि समोर येईल ते बारीक शेवाळ खातो. रोटिफर हे दुसऱ्या गटातले प्राणिप्लवक त्याहून कितीतरी लहान. एरवी डॅफ्नियापुढे त्यांचा निभाव लागत नाही. खाद्य डॅफ्नियाच संपवते, आणि तिच्या कवचात ओढले गेलेले रोटिफर जखमी होतात किंवा मरतात.

विषारी शेवाळाचा उद्रेक झाला की ही स्पर्धा उलटते. डॅफ्नियाला निवड करता येत नाही, हीच तिची अडचण. शेवाळाचे धागे आणि चिकट पुंजके तिच्या गाळणीत अडकतात. ते बाहेर ढकलण्यातच तिची शक्ती जाते, कवचाची फट आवळून घ्यावी लागते आणि मग खाणेच कमी होते. पोटात जाते त्यात विष असते. विष नसले तरी नील-हरित शेवाळात वाढीला लागणारे स्टेरॉल हे स्निग्ध घटक नसतात, त्यामुळे पोट भरूनही ती खंगते, अंडी कमी घालते. शरीर मोठे, कवचाची फट रुंद, म्हणून त्रासही जास्त. बॉस्मिनासारख्या लहान जातींच्या अरुंद फटीत धागे सहज शिरत नाहीत. कोपेपॉडांतल्या, म्हणजे सायक्लॉप्सच्या गटातल्या, काही जाती तर चव ओळखून विषारी पेशी टाळतात आणि चांगले शेवाळ तेवढे वेचतात. तगून राहणाऱ्या या प्राण्यांमुळे मायक्रोसिस्टिसचे मात्र फावते, कारण त्याच्याशी स्पर्धा करणारे इतर शेवाळ खाल्ले जाते आणि ते स्वतः शिल्लक राहते.

जॉन गिल्बर्ट यांनी १९९० मध्ये ॲनाबिना या विषारी शेवाळावर केलेल्या प्रयोगांत हेच दिसले. डॅफ्नियाला जेवढा फटका बसला तेवढा रोटिफरांना बसला नाही. म्हणजे एका जातीचे शेवाळ माजले की अन्नसाखळीच्या खालच्या थरात कोण जिंकणार हे बदलते, आणि जिंकणारे प्राणी ते शेवाळ आटोक्यात आणू शकत नाहीत. तलावाला स्वतःला सावरण्याचा जो मार्ग असतो तोच बंद होतो. अहवालात न दिसणारे नुकसान म्हणतो ते हे.

आपल्या उष्ण जलाशयांत मोठी डॅफ्निया मुळातच कमी असते, कारण चिलापीसारखे मासे तिला आधी टिपतात. इथे हे काम बरेचसे सिरिओडॅफ्निया, डायफॅनोसोमा, मोइना अशा लहान जातींवर आहे. गाळणारे आधीच थोडे असताना त्यांतलेही बाद होणे आपल्याला परवडणारे नाही. उजनीतल्या माशांच्या पिलांचे खाद्यही याच प्राण्यांतून येते. भिगवण, इंदापूरच्या मासेबाजारावर ज्यांचे घर चालते त्यांचाही हा प्रश्न आहे.

परिस्थितीशी जुळवून घेतात म्हणून हे प्राणी आपोआप सावरतील, असे कोणी म्हणेल. युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवराच्या गाळातून डॅफ्नियाची वेगवेगळ्या दशकांतली अंडी काढून ती उबवली गेली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, उद्रेक सुरू झाल्यानंतरच्या पिढ्या विषारी खाद्य अधिक सोसणाऱ्या निघाल्या. पण त्यांचीही वाढ विषारी खाद्यावर खुंटतच होती, फक्त पूर्वीपेक्षा कमी. आणि तिथे सांडपाण्यातला, शेवाळाला खत ठरणारा फॉस्फरस रोखण्याचे काम माणसांनाच करावे लागले.

अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनचे उदाहरण मला सर्वात महत्त्वाचे वाटते. त्या सरोवरात शहरांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी जात होते. ‘प्रक्रिया केलेले’ या शब्दांकडे आपण कृपया लक्ष द्यावे. सेंद्रिय घाण कमी झाली तरी फॉस्फरस तसाच वाहत राहिला आणि १९५५ मध्ये ऑसिलेटोरिया हे धाग्यांचे नील-हरित शेवाळ माजले. १९५८ मध्ये नागरिकांनी मतदान करून सांडपाणी वळवण्याची योजना मंजूर केली आणि १९६३ ते १९६८ या काळात ते वळवले गेले. पाणी सुधारले. पण डॅफ्निया मोठ्या संख्येने दिसू लागली ती १९७६ मध्ये, धाग्यांचे ते शेवाळ नाहीसे झाल्यावर. तिला खाणारा एक झिंग्यासारखा प्राणीही तोवर कमी झाला होता. त्यानंतर सरोवर आणखी नितळ झाले. सांडपाणी वळवल्यानंतरही मधे आठ वर्षे गेली. उजनीत तर अजून आपण पहिलेच पाऊल टाकायचे आहे.

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आणि त्यात ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा या वाटांनी याच साठ्यात येऊन थांबते. शेतातून वाहून येणारे खत वेगळेच. सोलापूर शहर हे पाणी पिते. पंढरपूरला चंद्रभागेत वारकरी स्नान करतात तेव्हाही बऱ्याचदा उजनीतून सोडलेलेच पाणी असते.

आपल्याकडे पाण्याची प्रतवारी सामू, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) आणि मलजन्य जिवाणू यांवर ठरते. शेवाळाने भरलेल्या पाण्याचा नमुना भर दुपारी घेतला तर ऑक्सिजन भरपूर दिसतो, कारण उन्हात शेवाळच तो सोडत असते. तेच पाणी पहाटे मासे गुदमरावेत इतके ऑक्सिजनहीन होऊ शकते. नुसत्या त्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

म्हणून माझी पहिली विनंती : उजनीत वरच्या अंगाला, भिगवणजवळ आणि धरणभिंतीपाशी वर्षभर महिन्यातून एकदा, आणि फेब्रुवारी ते जून पंधरा दिवसांनी, प्राणिप्लवकांची जातवार मोजणी करावी. बारीक जाळी, सूक्ष्मदर्शक आणि शिकवलेली माणसे एवढेच लागते. सोलापूर-पुण्याच्या महाविद्यालयांत ती आहेत, आमचे विद्यार्थी हे आनंदाने करतील. मोठे गाळणारे प्राणी घटून रोटिफर वाढू लागले तर धोक्याचा इशारा काठावर थर येण्याच्या आधी मिळू शकेल. त्याच दिवशी सोलापूरच्या पाणी उचलण्याच्या जागी मायक्रोसिस्टिनची तपासणी व्हावी आणि निकाल जाहीर व्हावा. दीर्घकाळ पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला १ मायक्रोग्रॅम ही तात्पुरती मार्गदर्शक पातळी दिली आहे.

दुसरी विनंती फॉस्फरसची. केंद्राच्या ऑक्टोबर २०१७ च्या सांडपाणी प्रकल्पांच्या मानकांत फॉस्फरसची मर्यादा नाही. राज्याला त्याहून कडक अट घालता येते. उजनीच्या वरच्या बाजूच्या सर्व प्रकल्पांना, निदान नव्याने परवानगी मिळणाऱ्यांना, ती घालावी.

आणि एक कळकळीची सूचना. हिरवा थर दिसला की मोरचूद (तांब्याचा क्षार) टाकून तो घालवण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. तो कृपया मानू नये. मोरचुदाने पेशी फुटतात आणि त्यांतले विष एकदम पाण्यात मिसळते. शिवाय तांबे डॅफ्नियाच्या कुळाला फार थोड्या मात्रेतही मारते. थर जाईल, पण त्याला पुन्हा वाढू न देणारे प्राणीही त्याच्यासोबत जातील.

येत्या फेब्रुवारीपूर्वी मोजणीचा आदेश निघाला तर पुढच्या उन्हाळ्याची पहिली नोंद हाती येईल. नमुने घेण्याच्या जागा, पद्धत आणि जाती ओळखण्याचे प्रशिक्षण यांचा आराखडा विभागाने मागितल्यास मी तो विनामूल्य करून देईन.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक प्राध्यापक, सोलापूर जिल्हा