गुलमर्गला निघण्याआधी

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचं नक्की केलंस, फार आनंद झाला. चाळिशी उलटल्यावर जमेल का, असं विचारतोस. जमेल. फक्त लहान मुलांना नसते ती भीती तुझ्या अंगात असणार, आणि ती तुला मागे ओढणार. सगळी गोम तिथेच आहे.

स्की वळते आणि ताब्यात राहते ती तिच्या पुढच्या भागावर वजन असेल तरच. उतार दिसला की मोठं माणूस मागे रेलतं, पुढचा भाग हलका होतो, स्की पळत सुटते, मग माणूस आणखी मागे जातं. दुपारपर्यंत मांड्या भरून येतात त्याही बहुधा यानेच. तुला तर सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर बूड टेकत उतरायची सवय. ती इथे सोडावी लागेल. घोटे आणि गुडघे किंचित वाकलेले, हात पुढे, आणि दोन्ही नडग्या बुटाच्या पुढच्या भागाला सतत टेकलेल्या. गडबडलास की एवढंच तपास: नडगीला बूट लागतोय का?

म्हणून भाड्याच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळ बुटाला दे. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, तेव्हा ती मोजूनच जा. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकावा, गुडघे वाकवले की सुटावा. टाच आत उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. दुकानदार ‘आरामदायक’ म्हणाला तरी घेऊ नकोस. मोजा एकच, पातळ, गुडघ्याखालपर्यंतचा. दोन जाड मोजे चढवले की रक्त अडतं आणि बोटं उलट जास्त गारठतात. थर्मलची घडी बुटात गेली तर नडगी सोलून निघते. बोटांवरची बक्कल सैल, घोट्याजवळची घट्ट.

स्की हनुवटी ते नाक एवढ्या उंचीची पुरे. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड; तिचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि अनुभव यांवरून लावतात. वजन खरं सांग आणि नवशिका आहे हेही सांग. आकडा चढा राहिला तर पडल्यावर बूट सुटत नाही, गुडघा पिरगळतो. बूट अडकवण्याआधी तळाचा बर्फ खरवडून काढ. तो राहिला तर बाइंडिंग नीट बसत नाही. उतारावर स्की आडव्या ठेवून आधी खालच्या बाजूची घाल.

सुरुवातीला काठ्या बाजूला ठेव. सपाटीवर एकाच स्कीवर घसरत चाल, मग आडव्या पायऱ्यांनी थोडं चढून स्नोप्लाउ, म्हणजे वेग आवरायची पद्धत, शिक: दोन्ही स्कींची पुढची टोकं चारेक बोटांच्या अंतरावर, मागची बाजू बाहेर ढकललेली, आतल्या कडा बर्फात. मागची बाजू जितकी फाकवशील तितका वेग कमी. डाव्या पायावर वजन टाकलंस की उजवीकडे वळशील. टोकं एकमेकांवर चढली तर एक स्की सपाट पडलेली असते किंवा एकाच पायाने जोर लावलेला असतो. तोल जातोय असं वाटलं तर कुशीवर पड. मागे बसू नकोस, आणि घसरत असताना उठू तर मुळीच नकोस, गुडघ्याचे लिगामेंट तसेच तुटतात. थांबल्यावर स्की अंगाच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या आण, मग ऊठ.

हे सगळं गोल्फ कोर्सच्या बाजूच्या सौम्य उतारांवर कर. स्नोप्लाउ तीव्र उतारावर पुरत नाही. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर ३,९०० मीटरच्या वर नेतो. तिथे दाबून तयार केलेले उतार नाहीत, हिमस्खलनाचा धोका आहे, आणि पहिल्या आठवड्यात तुझं तिथे काहीही काम नाही, सोबतचे कितीही आग्रह करोत. गुलमर्गच मुळात २,६०० मीटरच्या वर आहे, म्हणून पोहोचल्या दिवशी विश्रांती घे आणि पाणी भरपूर पी.

शिक्षक मात्र हवाच. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था तिथेच आहे. त्यांच्या कोर्सच्या तारखा लवकर बघ. सुती कपडे आत घालू नकोस, घामाने भिजले की वाळत नाहीत. हेल्मेट आणि गॉगल ढग असतानाही वापर. पावलाचं माप संध्याकाळी घे, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, आणि मला कळव.

तुझा,
दिलीप