एका नॉकआउटवरून जबडा जोखू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हेवीवेट मुष्टियोद्धा एकदा आडवा झाला की दुसऱ्या दिवशी क्रीडापानांवर ‘काचेचा जबडा’ हे शब्द ठरलेले असतात. दोन जबर ठोसे पचवले, की तोच जबडा ‘पोलादी’ होतो. मार सोसण्याची ताकद इतक्या घाईने ठरवणे खेळाडूवर अन्याय करणारे आहे, म्हणून हे पत्र.

मुळात हा हाडाचा प्रश्न नाही. ३१ मार्च १९७३ रोजी सॅन डिएगोत केन नॉर्टनने मुहम्मद अलीचा जबडा खरोखरच मोडला, तरी अली बाराव्या फेरीची घंटा होईपर्यंत उभा होता. माणूस कोसळतो तो पिळामुळे. हनुवटी मानेपासून पुढे असते. तिच्यावर बाजूने हुक (कोपर वाकवून मारलेला ठोसा) बसला की डोके गर्रकन फिरते, कवटी आधी वळते आणि मेंदू मागे राहतो. ठोसा येताना दिसला तर मान आपोआप आवळली जाते, दात माउथगार्डवर घट्ट बसतात, हनुवटी छातीकडे जाते आणि हा पीळ बराच कमी होतो. न दिसलेला किंवा स्वतः ठोसा मारत असताना बसलेला ठोसा म्हणूनच सर्वांत घातक. नॉकआउटची चित्रफीत पाहताना पडणाऱ्याची नजर कुठे होती आणि त्याचा स्वतःचा उजवा हात कुठे होता, हे आधी पाहावे.

माजी हेवीवेट जगज्जेता लेनॉक्स लुईसचे उदाहरण घ्या. सप्टेंबर १९९४ मध्ये वेम्बलीत ऑलिव्हर मॅककॉलने त्याला दुसऱ्या फेरीत पाडले, तेव्हा लुईस स्वतः उजवा ठोसा मारत होता. एप्रिल २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर, हसीम रहमानने पाचव्या फेरीत त्याला झोपवले. तेव्हा लुईस दोरांपाशी होता आणि त्याचे हात खाली होते. या दोन पराभवांवरून त्याच्या जबड्यावर शिक्का बसला. पण याच लुईसने रे मर्सरशी दहा फेऱ्या समोरासमोर मारामारी केली आणि २००३ मध्ये व्हिटाली क्लिचकोचे उजवे ठोसे खाऊनही तो पायांवर राहिला. जबडा तोच होता, ठोसे दिसत होते एवढाच फरक.

ठोसा कुठे बसला, हेही पाहायला हवे. हनुवटीवर बसला तर शुद्ध जाते. कानशिलावर किंवा कानामागे बसला तर अनेकदा शुद्ध राहते, पण तोल जातो आणि पाय लटपटतात. १ जून २०१९ रोजी अँथनी जोशुआने तिसऱ्या फेरीत अँडी रुईझला पाडले आणि त्याला संपवायला तो पुढे धावला. त्याच झटापटीत रुईझचा डावा हुक त्याच्या कानशिलाजवळ बसला. जोशुआ सातव्या फेरीपर्यंत टिकला, पण त्याचे पाय पुन्हा जागेवर आलेच नाहीत. बरगडीखाली यकृतावर ठोसा बसून कुणी गुडघे टेकले, तर त्यात जबड्याचा संबंधच नसतो, आणि तरीही तो नॉकआउट त्याच खात्यात टाकला जातो!

खरी पारख होते ती पडल्यानंतरच्या मिनिटभरात. रेफरी दहापर्यंत मोजतो. तीनच्या आकड्याला धडपडत उठणारा बहुधा घाबरलेला असतो. जाणकार आठपर्यंत गुडघ्यावर थांबून श्वास घेतो. उठल्यावर पाय किती फाकले आहेत, नजर प्रतिस्पर्ध्यावर ठरते का, लगेच मिठी मारून वेळ काढायचे भान आहे का, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) परत सुटतो का, हे बघावे. डिसेंबर २०१८ मध्ये बाराव्या फेरीत डिऑन्टे वाइल्डरच्या उजव्या-डाव्या ठोशांनी टायसन फ्युरी पाठीवर निपचित पडला. रेफरीने लढत लगेच न थांबवता मोजणी सुरू ठेवली. फ्युरी नऊला उठला आणि उरलेल्या फेरीत त्यानेच वाइल्डरला मागे रेटले. ठोसा बसूनही न डगमगणे आणि डगमगल्यावर सावरणे हे दोन वेगळे गुण आहेत. फ्युरीकडे दुसरा भरपूर आहे.

व्हिटालीचा धाकटा भाऊ व्लादिमीर क्लिचको २००३ मध्ये कोरी सँडर्सकडून आणि २००४ मध्ये लॅमन ब्रूस्टरकडून फेऱ्या पूर्ण होण्याआधीच हरला, तेव्हा त्याला मोडीत काढणारे पुष्कळ होते. त्यानंतर तो अकरा वर्षे हरला नाही. जबडा बदलता येत नाही. प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड यांनी त्याचे प्रतिस्पर्ध्यापासूनचे अंतर बदलले: लांब डावा जॅब, आणि कुणी आत शिरलेच की वरून मिठी. कमकुवत जबड्याचा खेळाडू काय करतो यावर बरेच अवलंबून असते, आणि आपल्या बातम्यांत नेमके हेच येत नाही.

उलट बाजूही आहे. कॅनडाचा जॉर्ज चुव्हालो ९३ व्यावसायिक लढतींत एकदाही जमिनीवर पडला नाही. पण जो फ्रेझर आणि जॉर्ज फोरमन या दोघांनीही त्याच्या लढती वेळेआधी थांबवायला लावल्या. म्हणजे ‘कधी पडला नाही’ या एका ओळीतून त्याने किती मार खाल्ला ते कळत नाही. अलीने १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सचे ठोसे पंधरा फेऱ्या पचवले. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सन्स असल्याचे निदान झाले. चांगला जबडा खेळाडूला रिंगमध्ये जास्त वेळ ठेवतो, म्हणजेच डोक्यावर जास्त ठोसे बसू देतो. ही शिदोरी खर्च होत जाते आणि परत भरता येत नाही. सरावात डोक्यावर मार खाऊन जबडा घट्ट होतो, असे अजूनही कुठे कुठे मुलांना सांगितले जाते. ते साफ चुकीचे आहे. मानेचे व्यायाम करता येतात, हनुवटी खाली ठेवायची सवय लावता येते, बचाव शिकवता येतो.

आपल्या क्रीडा प्रतिनिधींना एकच विनंती. नॉकआउटची बातमी देताना फेरी, ठोशाचा प्रकार आणि तो नेमका कुठे बसला, हे अवश्य छापावे. आणि ‘मार खाऊनही उभा राहिला’ असे कौतुक करताना त्याने डोक्यावर अंदाजे किती ठोसे खाल्ले आणि याआधीची लढत किती आठवड्यांपूर्वी झाली होती, हे त्याच परिच्छेदात यावे.

कळावे,
आपला नियमित वाचक