'सेवेशी संबंध नाही' हे ठरवलं कशावरून?

संपादक महोदय,

माझे पती २००५ साली सैन्यात भरती झाले. तेव्हा त्यांची नखशिखांत तपासणी झाली, एकाही आजाराची नोंद नव्हती. अकराव्या वर्षी, बर्फातल्या चौकीवर असताना त्यांना पहिली फिट आली. २०१६ साली मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं. शेरा असा: अपंगत्व २० टक्के, आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. कारण म्हणून 'प्रकृतीचा आजार', म्हणजे मुळात शरीरातच असलेला, एवढंच.

आमच्या भागात पेन्शनीवर आलेला फौजी बहुधा सिक्युरिटीत लागतो. हेही लागले होते. तिसऱ्या रात्री गेटवरच पडले आणि सकाळी नोकरी गेली. गाडी चालवायची नाही, विहिरीवर मोटर चालू करायला एकट्याने जायचं नाही. पलंग काढून टाकला, गादी जमिनीवर घालते. न्हाणीच्या दाराला आतून कडी नाही. हे अंघोळीला गेले की मी बाहेर पाण्याचा आवाज ऐकत उभी राहते. आवाज थांबला की हाक मारते.

भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच झाला असं धरायचं, आणि तसं नाही म्हणायचं तर बोर्डाने कारणं लिहायची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंह खटल्यात दिला. त्या जवानाचा आजारही फिटचाच, अपंगत्वही २० टक्केच. शिवाय असं २० टक्के अपंगत्व पेन्शनसाठी ५० टक्के धरतात आणि त्या हिशेबाने शेवटच्या पगाराच्या १५ टक्के रक्कम अपंगत्व पेन्शन म्हणून महिन्याला मिळते. ह्यांच्या औषधांना आणि मुलीच्या कॉलेजला तेवढ्याने केवढा आधार झाला असता! सध्या फक्त साधी इनव्हॅलिड पेन्शन, म्हणजे आजारपणामुळे घरी पाठवलेल्याला मिळते ती, येते. आम्ही दोन अपिलं केली, दोन्ही फेटाळली. दुसऱ्याचं उत्तर दोन ओळींचं होतं, त्यात कारण नव्हतंच.

आता मुंबईच्या लष्करी लवादाकडे, म्हणजे सैनिकांचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे जा, असं सगळे सांगतात. पण निकाल एकदा लागलेला असताना प्रत्येक जवानाने तोच खटला पुन्हा का लढायचा? ज्या बोर्डांनी कारणं लिहिली नाहीत, त्या नाकारलेल्या फायली सरकारने आपणहून काढाव्यात आणि ही पेन्शन थकबाकीसह द्यावी. मुंबईला तारखेला ह्यांना एकटं पाठवता येत नाही. मी बरोबर गेले तर दोन म्हशींची धार काढायला घरी कुणी नाही.

– एका माजी सैनिकाची पत्नी, कोरेगाव, जि. सातारा