पाचवीचा दाखला

कोल्हापूर,
६ एप्रिल २०२५, रामनवमी

प्रिय मंजू,

परवा फोनवर मी चिमीला आपल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत टाकायचं म्हटलं, तर तू "नको गं टाकू तिथं" म्हणालीस आणि नेमकी तुमच्याकडची रेंज गेली. बरंच झालं म्हणायचं. नाहीतर मी काहीतरी लागट बोलले असते आणि मग दोन महिने आपण एकमेकींचे नुसते स्टेटस बघत बसलो असतो. आज ह्यांना आणि चिमीला राममंदिरात धाडलंय. सुंठवडा खाऊन तासाभरात येतील, तेवढ्यात होईल तेवढं लिहिते. (बघ, लिहिताना कशी 'बोलले', 'लिहिते' करतेय. तोंडात अजून 'मी आलो, मी गेलो'च. तू मात्र तिकडं जाऊन 'मी इलंय' म्हणायला लागलीस.)

चिमीची चौथी संपत आली. यंदा परीक्षा २५ तारखेपर्यंत ताणल्यात, पोरं उन्हानं सुकून घरी येतात. सरकारी हिशेबात आता पहिली ते पाचवी एक गट आणि सहावी ते आठवी दुसरा, पण आमच्या पेठेत अजून चौथी झाली की दाखला काढायचा आणि पाचवीसाठी धावाधाव करायची, हेच चालतं. तिची शाळा चौथीपर्यंतच. पुढं वाटा तीन. गावाच्या त्या टोकाचं अनुदानित हायस्कूल, पाचवी ते दहावी, सेमी इंग्लिश, रिक्षा दोनदा बदलायची. नाहीतर इंग्लिश मीडियम, वर्षाला ४२ हजार आणि वर व्हॅनचे वेगळे. आणि तिसरी आपली म्युनिसिपालिटीची शाळा. घरापासून चार मिनिटं. आपण जिथं पाचवी ते सातवी एका बाकावर काढली ती.

यंदा आमच्या गल्लीत चौथी संपलेली चार पोरं आहेत. चौघींच्या आयांचं एकच वाक्य, मी धरून: "तुम्ही टाकणार असाल तर मी पण टाकते." गेले दोन महिने आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघतोय. कुणीच पुढं होईना, आणि कुणीच नाही पण म्हणेना.

मार्चअखेरीला मी एकटीच शाळेत जाऊन आले. पतसंस्थेतून अर्धी रजा टाकली, ह्यांना सांगितलं नाही. फाटक तेच, घंटा तीच, रुळाचा तुकडा. बाईंनी पट दाखवला. पाचवी १९, सहावी १४, सातवी २२. आपल्या वर्गात आपण किती होतो गं? साठाच्या वर नक्की. तिघींच्या बाकावर चौथी पोरगी कोंबलेली असायची.

आता जे लिहितेय ते तुला पाठ आहे, तू स्वतः शिक्षिका, त्यातच आहेस, पण मला ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. सहावीच्या पुढं ३५ मुलांमागं एक शिक्षक. तीन वर्ग असले की निदान गणित-विज्ञानाला एक, भाषांना एक, समाजशास्त्राला एक. शंभराच्या वर पट गेला तरच कायद्यानं पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि चित्रकला, खेळ, कार्यानुभव यांना अर्धवेळ का होईना माणूस मिळायचा. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि दुसऱ्या शाळेत जातो. शिक्षक गेला म्हणून उरलेले पालक मुलं काढतात. मुलं गेली की पुढचा शिक्षक. बाई हे सगळं रेशनचा हिशेब सांगावा तसं सांगत होत्या, तक्रारीचा सूर नाही. मी म्हटलं, आमच्या चार आल्या तर? त्या म्हणाल्या, "चार आल्या तर आनंदच आहे. पण मला तीन वर्षं टिकणाऱ्या चार पाहिजेत. दिवाळीत दाखला न्यायला येणाऱ्या नकोत."

मला लागलं ते. कारण माझ्या मनात तेच होतं, दिवाळीपर्यंत बघू.

गणिताचे सर मात्र बघायला पाहिजे होतेस तू. वर्गात नव्हतेच, व्हरांड्यात होते. पोरांनी खडूनं एक चौरस मीटर आखला होता आणि त्यात किती जण उभे राहतात ते चाललं होतं. दहा जण मावले. अकरावा शिरला आणि सगळा डोलारा बाहेर पडला. एक पोरगी ओरडत होती, "सरक की रं, माझा पाय रेषेवर आलाय!" सर म्हणाले, हिचे वडील गुजरीत सोन्याचे कारागीर आहेत, बंगाली, तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. आमच्या चिमीला विचारलं तर लांबी गुणिले रुंदी असं धडाधड म्हणते. चौरस मीटर केवढा असतो विचारलं तर हात पसरून गप्प उभी राहते.

तर सर चांगले. पुढच्या वर्षी ते तिथंच असतील का, ते पटावर.

आता वाईट सांगते. मुलींची संडास-मुतारी. तीन दारं, एकाला कुलूप, एकाला कडी नाही, एक चालू. पाणी बाहेरच्या ड्रममधून डब्यानं न्यायचं. मी एका सातवीतल्या पोरीला विचारलं तर म्हणाली, "आम्ही पाणीच पीत नाही सुट्टीपर्यंत." किती सहज म्हणाली. चिमी दहाची आहे मंजू. सहावीत नाहीतर सातवीत काय होणार ते तुला-मला ठाऊक आहे. आठवतंय ना, सातवीत भूगोलाच्या तासाला माझं काय झालं होतं? दप्तर मागं धरून मी घरी निघाले आणि तू माझ्या पाठीला चिकटून फाटकापासून गल्लीपर्यंत चालत आलीस, कुणाला दिसू नये म्हणून. पोरं हसत होती, की ह्या दोघी आगगाडी खेळतात. तीस वर्षं होत आली त्याला. आणि कडी अजून नाहीच. घरी आल्यावर रात्री झोप लागेना. पट, संचमान्यता हे सगळं बाजूला राहिलं आणि ती कडी डोळ्यासमोर.

बाई म्हणाल्या, प्रस्ताव दिलाय. शाळा व्यवस्थापन समिती आहे, त्यात कायद्यानं ७५ टक्के पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका. आहेत पण, कागदावर. ज्या आया आहेत त्या सकाळी सहाला कामाला बाहेर पडतात. मीटिंग बाराला. सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं. मला लगेच वाटलं, आपण चौघी गेलो तर समिती जागी करू, कडी बसवू, टाकी बसवू. वाटलं म्हणजे काय, मनातल्या मनात मी भाषणच करत घरी आले.

शुक्रवारी समोरच्या काकूंकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. आंबेडाळ, पन्हं, आणि विषय अर्थातच हा. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी आधीच कबूल करून टाकलं की इंग्लिश मीडियमला दहा हजार भरून ठेवलेत, "नुसतं हातचं असावं म्हणून". म्हणजे चारातली एक गेली. शिंपीणबाई म्हणाल्या, सातवीनंतर परत आठवीला शाळा शोधायची, परत दाखला, परत देणगी, त्यापेक्षा एकदाच काय ते करा. हे खरं आहे, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी जरगनगरचं उदाहरण दिलं. ती पण महापालिकेचीच शाळा, आणि तिथं पाडव्याच्या प्रवेशासाठी आदल्या रात्रीपासून लोक रांग लावतात. वहिनी म्हणाल्या, "मग तिकडंच टाका की!" सगळ्या हसल्या. मी पण हसले. पण बघ, तिथं लोक रांग लावतात कारण तिथं रांग असते. आपल्या शाळेत नुकत्याच झालेल्या पाडव्याला पटनोंदणीचं टेबल मांडलं होतं, पुढं रांगोळी, मागं बाई आणि शिपाई. मी दोनदा त्या रस्त्यानं गेले. खुर्ची मोकळी.

आणि मग कुणीतरी बोललं. कोण ते लिहीत नाही, तुझ्या ओळखीची आहे. "शाळा वाईट नाही हो, पण आपल्या पोरांनी काय त्यांच्यात बसायचं?" त्याच वेळी मावशी पन्ह्याचे ग्लास गोळा करत होत्या. त्यांची नात त्याच शाळेत सहावीत आहे, सगळ्यांना माहीत आहे. कुणी काही बोललं नाही. मी पण नाही. मी डाळीतला कढीपत्ता बाजूला काढत बसले.

नंतर मोरीपाशी मी त्यांना कडीचं विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून. म्हटलं, आपण सगळ्या मिळून बसवून घेऊ. त्या म्हणाल्या, "माझ्या जावयानं दोनदा बसवली की. सुट्टीत बाहेरची पोरं येऊन मोडत्यात. कडी नगो, रातचा वॉचमन पायजे." म्हणजे मी जे मनातल्या मनात भाषण करत होते ते त्यांनी दोनदा करून बघितलं होतं. मग भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "तुमची पोरं आली तर मास्तर टिकतील म्हणं. खरं काय?" मी म्हटलं, पट वाढला तर टिकतील. थोडा वेळ नळच वाहत होता. मग म्हणाल्या, "मग आमच्या पोरींला फुडच्या बाकावर बसू देतील न्हवं?"

दोन दिवस झाले, त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. शाळा आमच्या मुलीला चांगली आहे का, एवढाच प्रश्न मी दोन महिने विचारत होते. आमची मुलगी तिथं गेली तर शाळा कुणाची होईल, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "प्रयोग आपल्याच पोरीवर कशाला?" नवरा वाईट नाही माझा, तुला माहीत आहे, पण फौंड्रीत दिवसभर माल रिजेक्ट करून करून त्याला प्रत्येक गोष्टीत खोट आधी दिसते. सासरे झोपाळ्यावर बसले होते. ते एकदम म्हणाले, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्यांच्या आजोबांनी म्हणे त्या रुपयाच्या धास्तीनं पोराला शाळेत बसवलं, नाहीतर गुरं राखायलाच जायचा तो. "तोच माझा बाप. नोकरीला लागला म्हणून हे घर झालं." मग आपल्याच मिशीत हसले, "आता फी भरून पळून जाणाऱ्यांना दंड लावायला पाहिजे." ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

आता तुझ्याबद्दल. रागावू नकोस. तू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतेस आणि तुझा आर्यन इंग्लिश मीडियमला जातो. मी कधी विचारलं नाही, तूही कधी सांगितलं नाहीस, आणि आपल्या दोघींमध्ये ती एकच गोष्ट अशी आहे. मला वाटायचं, तू आतली आहेस, तुला काहीतरी माहीत असेल म्हणून तसं केलंस. मग वाटायला लागलं, घरातल्यांपुढं तुझं चाललं नसेल. आता कडीचा हा प्रकार झाल्यावर वाटतं, तू पण माझ्यासारखीच घाबरली असशील. कुठलं खरं ते मला सांग. तुला उलटतपासणी करायला नाही, मला खरंच माहीत करून घ्यायचंय. तू "नको टाकू" म्हणालीस ते बाई म्हणून म्हणालीस की आई म्हणून?

मी फॉर्म आणून ठेवलाय. कपाटात साड्यांखाली, जसं काही प्रेमपत्र. भरलेला नाही. शिंपीणबाई "तू टाक, मग मी बघते" वर अडलेल्या. चौथी, कोपऱ्यावरची, ती मात्र परवा सकाळी दुधाच्या रांगेत म्हणाली, "आपण दोघी तरी जाऊ या काय?" दोघी म्हणजे पाचवीच्या पटात दोनची भर. सांगायला पण लाज वाटावी असा आकडा. पण दुसरं कुणी सोबत येतंय म्हटल्यावर मला त्या दिवशी चहा गोड लागला हे खरं.

चिमीला विचारलं का, असं तू विचारशीलच. विचारलं. तिला पोषण आहारातली खिचडी खायची आहे आणि ग्राउंड मोठं आहे. एवढंच. सहावीपासून तांदूळ १०० ग्रॅमचा १५० ग्रॅम होतो हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, मग मी सहावीतच बसते.

एक मागणं आहे. निकाल लागला की तुला सुट्टी लागेल. मेच्या पहिल्या आठवड्यात ये. माझ्याबरोबर शाळेत चल. जनरल रजिस्टर कसं वाचायचं, मंजूर पदं किती आणि भरलेली किती, सर कायम आहेत की कुठल्या व्यवस्थेवर आलेत, हे तुला एका नजरेत कळेल. बाईंना काय विचारायचं ते तूच विचार. मग ती मुतारी बघ. आणि सगळं बघून झाल्यावर, आपल्या वर्गासमोरच्या व्हरांड्यात उभी राहून मला सांग, नको टाकू म्हणून. तिथं सांगितलंस तर ऐकेन मी.

येताना आगळाची बाटली आण, मागची संपली. पायऱ्यांवर चपला वाजल्या, आले वाटतं दोघं.

तुझी,
वैशू