सेल्फ मारलास तेव्हा आवाज कसला आला?

चि. मनी हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेलं की आपलं बिनसतं, म्हणून लिहितोय. परवा तू "अण्णा, आधी मी कशी आहे ते विचारा, गाडीचं नंतर" म्हणालीस आणि फोन ठेवलास. बरोबर आहे तुझं. रविवारी रात्री तू गाडी बंद पडून शिरवळच्या अलीकडे अडकली होतीस, हे दादाने मला मंगळवारी सांगितलं, आणि तुला फोन लावल्यावर माझ्या तोंडून निघालं काय, तर "सेल्फ मारलास तेव्हा आवाज कसला आला?" 36 वर्षं वर्कशॉपात काढली. डेपोत सकाळी ड्रायव्हर तोंड पाडून आला की पहिला प्रश्न हाच असायचा. सवयीने निघाला. तू कशी आहेस?

मला फोन का केला नाहीस, हे विचारायचं नाही असं ठरवलंय. तुझ्या आईला तसा शब्द दिलाय.

तू चिडून का होईना, उत्तर दिलंस ते नेमकं होतं. आधी कट-कट-कट, मग एकच कट, मग मीटरवरचे दिवेसुद्धा गेले. यात निम्मं निदान आलं बघ. कट-कट वाजतं म्हणजे सोलेनॉइड, सेल्फला करंट जोडणारा स्विच, ओढायला बघतोय पण बॅटरीत दम नाही, नाहीतर बॅटरीचं टर्मिनल सैल आहे. एकदाच जोरात टक् आणि दिवे लख्ख, तर संशय सेल्फच्या मोटरवर. काहीच आवाज नाही आणि दिवे चांगले, तर आधी क्लच पूर्ण दाबलाय का बघायचं, हल्लीच्या बऱ्याच गाड्या त्याशिवाय सेल्फच घेत नाहीत. सेल्फ छान फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर प्रकरण पेट्रोलचं नाहीतर करंटचं. तेव्हा चावी नुसती ऑन करून कान द्यायचा, मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची गुणगुण यायला हवी. मीटरवर चावीचं चित्र लुकलुकत असेल तर गाडी तुझी चावीच ओळखत नाहीये, मग कितीही सेल्फ मारून उपयोग नाही. आणि नेहमीपेक्षा हलका, सुळसुळीत फिरायला लागला तर हात काढून घ्यायचा. टायमिंग बेल्ट गेलेला असू शकतो.

हे फोनवर दोन मिनिटांत झालं असतं. असो. नाही म्हटलं ना.

ट्रकवाल्याचं दादाने सांगितलं ते मात्र मी दोनदा सांगायला लावलं. तो बिचारा भल्या मनाने केबल घेऊन आला आणि तू म्हणालीस, "काका, तुमची बॅटरी चोवीस व्होल्टची, माझी बारा. माझं इलेक्ट्रॉनिक्स जळेल." मने, वर्कशॉपात नवी पोरं यायची, आयटीआय करून, त्यांच्याही हे वेळेला लक्षात राहायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन तुझ्या आईला सांगितलं, तर म्हणाली, तुम्हाला तेवढंच ऐकू आलं का? पोरगी सव्वादोन तास पावसात त्या ढाब्याच्या बाकड्यावर बसली होती, कुणाची कार येते का बघत, ते नाही ऐकलं?

ऐकलं होतं. तेच ऐकायचं नव्हतं म्हणून हे पकडून बसलो.

कोल्हापूरच्या त्या मंडळींनी गाडी लावली, त्यांच्या बॅटरीवरून जंप दिला, देव त्यांचं भलं करो. शेवटचा काळा चिमटा तू बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावलास ना? मेलेल्या बॅटरीवर ठिणगी नको, तिच्यातून गॅस निघतो. लावला असशीलच.

आता खरं काळजीचं. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली आणि तू दुकानात जाऊन नवी बॅटरी टाकलीस. जुनी चार वर्षांची होती, गेलीही असेल. पण ती का उतरली हे कुणी बघितलं का? दुकानदाराला बॅटरी विकायची असते, कारण शोधायचं नसतं. दिवे आणि वायपर लावून तू तिथून पुण्यापर्यंत आलीस, म्हणजे अल्टरनेटर, चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करतो तो, अगदीच मेलेला नाही. पण त्याचा बेल्ट सैल असला तर पावसात घसरतो, चार्जिंग अपुरं होतं. चालू केल्यावर चीं आवाज येतो का? येतानाच्या वाटेत बॅटरीचा लाल दिवा लागला होता का? आणि दादाने हौसेने बसवलेला तो कॅमेरा गाडी बंद असतानाही चालतो का, ते बघ. दादाला सांगू नकोस मी लिहिलं म्हणून. यातलं काही असेल तर नवी बॅटरीही तुला अशीच कुठेतरी सोडेल, आणि दर वेळी ढाबा जवळ असेलच असं नाही, दर वेळी माणसं तशी असतीलच असं नाही, आणि तू काही फोन करणार नाहीस.

झालं बघ. माफ कर. वर्ग घेतोय मी.

एक सांगायचं राहून गेलंय, बरीच वर्षं. 2019 च्या पुरानंतर आपली गाडी मी विकली, चांगली किंमत आली, असं तुला सांगितलं होतं. न विचारता विकली म्हणून तू गणपतीला आली नाहीस. ती विकली नव्हती. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा गाडी गल्लीतच होती, छतापर्यंत बुडालेली. पाणी ओसरलं, चिखल काढला, आणि आजीला मिरजेला न्यायची घाई, म्हणून मी नवी बॅटरी आणून लावली आणि चावी फिरवली. मी! प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही, हे शेकडो लोकांना सांगितलेला माणूस. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. ठक्क एवढाच आवाज झाला. कनेक्टिंग रॉड वाकला, इंजिन जाम. भंगारवाला नेताना मी घरातून बाहेर आलो नाही. तू नागपूरला होतीस. फोन हातात होता, पण तुला काय सांगणार, अण्णांनी स्वतः घालवली म्हणून? आजवर आईशिवाय कुणाला माहीत नाही.

तेव्हा तुझं फोन न करणं मला समजत नाही असं नाही.

दादाबरोबर पिशवी पाठवतोय. त्यात जाड केबल आहे, बाजारातली बारीक वायरीची नव्हे. डिंकाचे लाडू वरच्या डब्यात. व्होल्ट मोजायचा माझा पिवळा मीटरही आहे, त्याची लाल पिन जराशी सैल आहे, दाबून धर. सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॅटरीवर मोज, 12.6 व्होल्टच्या आसपास हवं, 12.2 म्हणजे निम्मी उतरली. मग चालू करून मोज, 13.8 ते 14.4 मध्ये आलं पाहिजे. मग दिवे, वायपर, एसी सगळं लावून परत एकदा. तिन्ही आकडे मला कळव. मेसेज केलास तरी चालेल.

पत्र आईला वाचून दाखवलं. म्हणाली, यातही गाडीच जास्त आहे.

रात्री मी दीड-दोनपर्यंत जागाच असतो हल्ली. हे आपलं सहज लिहिलं.

तुझे,
अण्णा