रसग्रहणाआधीची वही

संपादक महोदय,

सत्र संपत आले की मराठीच्या विद्यार्थ्यांकडून कादंबरीवर निबंध मागवला जातो आणि बहुतेकांच्या कागदांवर तेच चार मथळे येतात : कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, भाषाशैली. मग मुले वाचत नाहीत अशी ओरड होते. पण निबंधासाठी कादंबरी कशी वाचायची आणि टिपणे कशी काढायची, हे वर्गात दाखवले जाते का?

‘कोसला’च घ्या. भालचंद्र नेमाडे यांची १९६३ची ही कादंबरी अनेकदा नेमलेली असते. पहिले वाचन पेन्सिल बाजूला ठेवून, सलग आठ-दहा दिवसांत व्हावे; महिनाभर रेंगाळले की धागा सुटतो. वाचून होताच, कुठलीही समीक्षा उघडण्याआधी, अर्धे पान लिहावे : काय खटकले, काय पटले नाही. निबंधाचा प्रश्न इथेच सापडतो. तिचा नायक आणि निवेदक पांडुरंग सांगवीकर सतत ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ म्हणतो, हे पुष्कळांना खटकते. ‘नेमाडे यांची भाषाशैली’ हा नुसता विषय झाला. पांडुरंग या शब्दांआड काय झाकतो आणि धाकटी बहीण मनी वारल्यावर त्या शब्दांचे काय होते, हा प्रश्न झाला. त्याचे उत्तर पानांतच शोधावे लागते.

दुसरे वाचन हा प्रश्न हातात धरून करावे. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत : पृष्ठक्रमांक, नेमके शब्द, आणि हे का टिपले. तिसरा रकाना हमखास कोरा राहतो आणि तिथेच घोटाळा होतो, कारण पंधरा दिवसांनी लिहायला बसल्यावर त्या ओळीत काय दिसले होते ते आठवत नाही. वहीच्या सुरुवातीला प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष लिहावे. आवृत्ती बदलली की पृष्ठक्रमांक सरकतात. तीसेक नोंदी पुरतात. शंभर झाल्या तर प्रश्न फार पसरट आहे असे समजावे. शब्दांविषयी बोलायचे असेल तर अंदाज नकोत, मोजावे : वसतिगृहाच्या भागातली दहा पाने, मनीच्या मृत्यूच्या आसपासची काही पाने, रोजनिशीच्या रूपातली दहा पाने. मोजणी अपेक्षेविरुद्ध आली तर मत बदलावे, नोंदी गाळू नयेत.

मग एका वाक्यात विधान करावे. ‘ही तरुणाच्या एकटेपणाची कादंबरी आहे’ याला कोणी हरकतच घेणार नाही, म्हणजे सिद्ध करण्यासारखे काही उरत नाही. जाणत्या वाचकाला ‘छे, मला तसे वाटत नाही’ म्हणता आले पाहिजे. दीड हजार शब्दांसाठी तीसातल्या पाच-सहा नोंदी निवडाव्यात आणि त्यांत एक तरी आपल्या विधानाला अडचणीत आणणारी असावी. अवतरण दोन ओळींचे, त्यावरचे विवेचन त्याच्या तिप्पट. अर्धे पान उतरवून ‘यावरून हे स्पष्ट होते’ म्हटल्याने काहीच स्पष्ट होत नाही. समीक्षाग्रंथ या टप्प्यावर उघडावेत. आधी उघडले तर त्यांचेच मत आपले वाटू लागते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पांडुरंग आणि नेमाडे एकच मानणे. गंमत अशी की ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमू ‘मी’ म्हणून बोलते, तेव्हा हरिभाऊ आपटे म्हणजेच यमू असे कोणी म्हणत नाही. निवेदक स्त्री आणि लेखक पुरुष असल्यामुळे तिथे अंतर आपोआप दिसते. ‘कोसला’त ते जाणीवपूर्वक राखावे लागते, नाहीतर लेखकाचे चरित्रच पुरावा म्हणून येऊ लागते. प्रस्तावनेत पुरस्कारांची यादीही नको. २०१४चा ज्ञानपीठ पुरस्कार ‘कोसला’नंतर अर्ध्या शतकाने आला, पांडुरंगाविषयी तो काहीच सांगत नाही.

अभ्यासमंडळांनी आणि अध्यापकांनी एवढे करावे : निबंधाच्या दोन आठवडे आधी ही वही तपासायला घ्यावी आणि वीसपैकी आठ गुण तिला द्यावेत. गाइडमधून निबंध उतरवता येतो, तिसरा रकाना उतरवता येत नाही. आणि प्रश्नपत्रिकेतून ‘कादंबरीचे रसग्रहण करा’ हे मोघम वाक्य काढून टाकावे. त्याऐवजी एक उतारा द्यावा आणि निवेदक इथे काय सांगतो व काय टाळतो, ते विचारावे.

— मराठीचे एक अध्यापक, नाशिक