आर्याचा खेळ बॅगेतून नाही, पीडीएफमधून

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

आर्याने मला इथून आणायला सांगितलेल्या बोर्डगेमचा व्हिडिओ पाहिला. खेळ चांगलाच आहे, मी तो इथे एका मित्राकडे खेळलोय. पण येताना तो आणणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. खोका एवढा मोठा आहे की बॅगेत एक तर तो राहील, नाही तर आईने सांगितलेल्या वस्तू. शिवाय एका डावाला दोन तास लागतात. आपल्या घरात चार माणसं सलग दोन तास एका जागी बसलेली मी फक्त गणपतीतच पाहिली आहेत.

त्याऐवजी दुसरं काही सुचवतो. आर्या रुसेल, पण पत्र शेवटपर्यंत वाचून दाखवा तिला.

इथे ‘प्रिंट अँड प्ले’ नावाचा एक छंद आहे. खेळ तयार करणारा माणूस पत्त्यांची आणि नियमांची पीडीएफ देतो, कधी फुकट, कधी थोड्या डॉलरना. आपण ती छापायची, कापायची आणि खेळायला बसायचं. फासे, सोंगट्या घरातल्याच वापरायच्या. यातली अर्धी कल्पना जुनी आहे. जेम्स अर्नेस्ट नावाच्या माणसाने १९९६ मध्ये सिॲटलला ‘चीपॲस गेम्स’ ही कंपनी काढली, तेव्हा त्याचं म्हणणं एवढंच होतं की फासे आणि सोंगट्या प्रत्येकाच्या घरी पडलेल्या असतात, त्यांचे पैसे पुन्हा कशाला घ्यायचे? तो साध्या पांढऱ्या लिफाफ्यात फक्त नवा भाग विकायचा. पुढे त्याने त्यातले बरेच खेळ डाउनलोडसाठी मोकळेही केले.

आता कामाचं. सुरुवातीला एकच खेळ घ्या, तोही १८ पत्त्यांचा. या छंदात लोक आधी कटर, मॅट, कोपरे गोल करायचं यंत्र, लॅमिनेटर असं सगळं जमवतात आणि खेळ मात्र फाईलमध्येच राहतो. अशी मंडळी मला इथे पुष्कळ भेटली आहेत. दादाचा स्वभाव पाहता तो या वाटेने जाण्याची दाट शक्यता आहे, म्हणून पत्र तुम्हाला लिहितोय.

खेळाचं नाव ‘स्प्रॉलोपोलिस’. आमच्याच न्यू जर्सीतल्या ‘बटन शाय’ कंपनीने तो २०१८ मध्ये काढला. खिशात मावणाऱ्या पाकिटात बसतील एवढे पत्ते, हीच त्यांची खासियत. छापील खेळाबरोबर ते पीडीएफही विकतात. प्रत्येक पत्त्यावर शहराचे चार चौकोन असतात: राहती वस्ती, बाजार, कारखाने आणि बाग. पत्ते शेजारी शेजारी किंवा एकमेकांवर थोडे चढवून ठेवत शहर वाढवायचं. प्रत्येक प्रकारच्या सगळ्यांत मोठ्या सलग पट्ट्यातल्या दर चौकोनामागे एक गुण, आणि पत्त्यांवर काढलेल्या प्रत्येक रस्त्यामागे एक गुण वजा. म्हणजे तुटके तुटके रस्ते केले की मेलात, जोडत नेले तर वाचलात. (कराडच्या नगरपालिकेला हा नियम कळवावा असं मला दर सुट्टीत वाटतं.)

खरी गंमत पत्त्यांच्या मागच्या बाजूला आहे. तिथे गुणांच्या अटी छापलेल्या आहेत. डाव सुरू करताना तीन पत्ते उलटे ठेवायचे, त्या तीन अटी त्या डावाला लागू. त्यांच्यावरच्या आकड्यांची बेरीज म्हणजे आपल्याला गाठायचे गुण. उरलेल्या १५ पत्त्यांत शहर बसवायचं. दर डावाला अटी बदलतात, त्यामुळे १८ पत्ते पुरून उरतात. आणि सगळे एकाच संघात खेळतात. ज्याची पाळी त्याच्या हातात तीन पत्ते, एक लावायचा, राहिलेले दोन पुढच्याला द्यायचे. दादा आणि आर्या बदाम सात खेळताना काय करतात ते आठवून मी हा मुद्दा आवर्जून लिहितोय.

छपाईची एकच मेख नीट समजून घ्या. इथे अमेरिकेत ए४ कागद वापरत नाहीत. ‘लेटर’ नावाचा कागद चालतो, २१६ बाय २७९ मिलिमीटरचा. आपला ए४ म्हणजे २१० बाय २९७. बऱ्याच फाईली लेटरच्या मापाने केलेल्या असतात. झेरॉक्सवाल्याचा हात सवयीने ‘फिट टू पेज’वर जातो आणि पत्ता बारीक होतो: ६३ मिलिमीटर रुंदीचा ६१ वर येतो. तेव्हा स्टँडजवळच्या त्या दुकानात उभं राहून त्याला ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के निवडायला लावा. एका पानावर नऊ पत्ते असतात, म्हणजे १८९ बाय २६४, ते ए४वर आरामात बसतात. पहिलं पान आलं की पट्टीने एक पत्ता मोजा. ६३ बाय ८८ भरला तरच पुढची पानं काढू द्या. फाईल ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सॲपने पाठवलीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको, अक्षरं पुसट येतात.

मागची-पुढची बाजू एकाच कागदावर छापायच्या भानगडीत पहिल्यांदा पडू नका. दुकानातल्या यंत्रात कागद उलटताना मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतोच. त्यापेक्षा दोन्ही बाजू साध्या कागदावर वेगवेगळ्या छापा. पत्त्यांची पारदर्शक पाकिटं मिळतात, त्यांना स्लीव्ह म्हणतात. आत जुन्या कॅटमधला एक पत्ता घालायचा, पुढून एक कागद, मागून दुसरा. पत्ता ताठ राहतो, पिसता येतो, आणि खेळाचा कंटाळा आला की तीच पाकिटं पुढच्या खेळाला. आपल्याकडचे बरेचसे पत्ते थोडे अरुंद असतात, पण आत हलले तरी बिघडत नाही. कपाटावर आबांचा अर्धा हरवलेला कॅट आहे, तो त्यांना विचारून घ्या. न विचारता घेतलात तर मी जबाबदार नाही.

कापताना एकेक पत्ता कातरीने सुटा करू नका. स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन आधी पानभर आडव्या रेघा मारायच्या, मग उभ्या, शंकरपाळे कापतो तसं. एकाच फटक्यात जोर लावायचा नाही, हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवायचं. खाली जाड पुठ्ठा ठेवा, नाही तर आई टेबलावरचे चरे दर फोनला ऐकवेल. कटर आर्याच्या हातात इतक्यात देऊ नका. तिला पाकिटं भरायला बसवा.

खेळ आवडला तरच पुढचं बघा. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे ३०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) कार्डपेपर मिळतो, त्यावर छापलेले पत्ते हातात घेतल्यावर फरक कळतो. लॅमिनेशन मात्र मला पटत नाही. आयकार्डसारखं केलेले पत्ते इतके घसरतात की गड्डी ठेवली की पसरलीच. पुष्कळांना ते आवडतं, मला नाही.

आर्याच्या डोक्यात एक गोष्ट लगेच येईल, म्हणून आधीच लिहितो: विकत घेतलेली फाईल घरापुरती छापायची. वर्गातल्या मुलींना संच करून विकायचे नाहीत. फुकट असलेल्या फाईलींवरही अटी लिहिलेल्या असतात, त्या वाचायच्या.

दादासाठी वेगळा खेळ आहे, एकट्याने खेळायचा. ‘अंडर फॉलिंग स्काइज’. टोमाश उह्लीरश या चेक माणसाने तो २०१९ मध्ये फक्त नऊ पत्त्यांच्या खेळांच्या स्पर्धेसाठी केला, जिंकला, आणि पुढच्या वर्षी तिकडच्या एका कंपनीने तो खोक्यात घालून बाजारात आणला. वरून परग्रहावरची यानं शहरावर उतरत असतात. फासा ज्या रांगेत ठेवाल त्या रांगेतली यानं तेवढी घरं खाली येतात. मोठा आकडा ठेवला तर आपलं काम जोरात होतं, पण संकटही तेवढंच जवळ येतं. रात्री जेवणानंतर दादा मोबाइलवर जे काही करतो, त्यापेक्षा हे बरं.

आईला यातलं काही पटणार नाही. ‘मेंढीकोट काय वाईट आहे?’ असं ती म्हणेल, आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण मेंढीकोट खरंच वाईट नाही. तिला आग्रह करू नका. शहर मांडलेलं असलं की ती चहा घेऊन येईल आणि उभ्या उभ्या सांगेल, ‘तो पत्ता इकडे लाव.’

‘स्प्रॉलोपोलिस’ची फाईल मी आजच विकत घेऊन तुमच्या ईमेलवर पाठवली आहे. नियम इंग्रजीत आहेत. आर्याने ते वाचून एका पानावर मराठीत लिहून काढावेत आणि मला फोटो पाठवावा. कुठे अडलं तर रविवारी फोनवर बोलू.

आई-आबांना नमस्कार, दादाला सप्रेम, आर्याला गोड पापा.

तुमचा,
सुहास

ता. क. दादाच्या खेळाला फासे लागतात, पाच. लुडोतला एकच निघेल. स्टेशनरीच्या दुकानात सुटे मिळतात, त्यातले दोन पांढरे आणि तीन दुसऱ्या रंगाचे घ्या.